जुवावर किती, आसावर किती

दोन चाकांच्या गाडीत माल भरला की त्याचे वजन दोन जागी विभागले जाते. बराचसा भार आसावरून चाकांवर जातो आणि उरलेला दांडीच्या टोकाला, ओढणाऱ्याच्या अंगावर येतो. ओढणारा बैल असेल तर मानेवर, उंट असेल तर पाठीवर, ट्रॅक्टर किंवा मोटार असेल तर मागच्या हुकावर. हा पुढचा भार किती असावा? अमेरिकेत मोटारीमागे कॅराव्हॅन जोडणाऱ्याला याचे उत्तर टक्केवारीत तोंडपाठ असते. आपल्याकडे प्रश्न त्याहून कितीतरी जुना आहे. आकड्यातले उत्तर मात्र कोणी फारसे मागितलेले नाही.

जयपूरच्या आसपास या प्रश्नाची सगळी रूपे एकाच रस्त्यावर भेटतात. टायरवर चालणारी उंटगाडी, तिला मागे टाकणारी ट्रॅक्टर-ट्रॉली, आणि हल्ली क्वचित एखादी पर्यटकांची कॅराव्हॅन. महाराष्ट्रात उंटाच्या जागी उसाची बैलगाडी धरली की चित्र तेच. ओढणारे वेगळे असले तरी तरफ एकच आहे, म्हणून सुरुवात तिच्यापासून करू.

हिशेब सपाटीवरचा आणि उतारावरचा

समजा गाडी आणि माल मिळून २,००० किलो आहे, आणि आसापासून जुवापर्यंतचे अंतर ३ मीटर. मालाचा मध्य आसाच्या बरोबर वर असेल तर जुवावर काहीच भार येणार नाही. तो १५ सेंटिमीटर पुढे असेल तर जुवावर १०० किलो येतील, म्हणजे प्रत्येक बैलाच्या मानेवर ५०. सगळा माल थोडा पुढे रचला गेला तरी १५ सेंटिमीटर होतात. मध्य आसाच्या मागे गेला तर गाडी उलाळ होते: दांडी वर उचलली जाते, जू मानेवरून सुटायला बघते आणि जोत्याचा पट्टा बैलाच्या गळ्याला खालून आवळतो.

खरी अडचण चढ-उतारावर सुरू होते. उसाची गाडी उंच भरलेली असते. मालाचा मध्य आसापासून १ मीटर वर आहे असे धरले आणि रस्ता दहास एक या प्रमाणात उतरू लागला, तर तो मध्य १० सेंटिमीटर पुढे झुकल्यासारखे होते. जुवावर सुमारे ६७ किलो वाढतात. सपाटीवर १०० असलेला भार उतारावर १६७ होतो आणि तेवढ्याच चढावर ३३ वर येतो. सपाटीवर बैलाला हलके जावे म्हणून कोणी माल मागे सरकवून भार ३३ किलोवर आणला, तर त्याच चढावर तो उणे ३३ होईल, म्हणजे गाडी उलाळ. ‘पुढे कमीत कमी भार ठेवा’ हा सल्ला सपाट मुलखात चालतो आणि घाटाखालच्या रस्त्यावर अंगाशी येतो. माल जितका उंच रचलेला, तितका हा झोका मोठा. बसकी, लांब गाडी आणि उंच, आखूड गाडी यांचे एकूण वजन सारखे असले तरी बैलाच्या मानेला ती सारखी नसतात.

बैलगाडीबद्दलची तीन मते

बैलगाडी सुधारण्याचा विचार देशात जोराने मांडला तो प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे ते संस्थापक संचालक. व्यवस्थापनशास्त्राच्या माणसाने बैलगाडीवर इतकी वर्षे घालवावीत याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले. पण रेल्वे आणि ट्रक यांच्या बरोबरीने देशाचा माल बैलगाडी वाहते आणि नियोजनात तिचे नावही नसते, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. लाकडी आसाचे घर्षण, लोखंडी धावेने होणारी रस्त्याची नासाडी, आणि मानेवर घासणारे ओबडधोबड जू, ही त्यांची मुख्य तक्रार होती. त्यांनी पुढे केलेल्या उपायांत बेअरिंग आणि रबरी टायर रुजले. डनलॉपने जनावरांच्या गाड्यांसाठी खास टायर काढले होतेच. उत्तरेत तर अशा गाडीलाच डनलप म्हणू लागले. महाराष्ट्रात साखर कारखान्यांनी ऊसतोड टोळ्यांना टायरगाड्या देण्याची पद्धत पडली आणि ‘टायर सेंटर’ हा मजुरांच्या बोलीतला नेहमीचा शब्द झाला.

टायरने गाडी ओढायला हलकी झाली. पण ओढ हलकी झाली की माणूस माल वाढवतो, आणि माल वाढला की मानेवरचा भार त्या प्रमाणात वाढतो. बैल सलग ओढू शकतो ती ओढ त्याच्या स्वतःच्या वजनाच्या साधारण दहा-बारा टक्के धरतात. टायर आणि बेअरिंगने हा आकडा सांभाळला जातो. मानेवरच्या उभ्या दाबाला असा कोणताही रूढ आकडा नाही. चाक सुधारले, जू तिथेच राहिले, असे मला या सगळ्या इतिहासाचे वर्णन करावेसे वाटते.

यावरची मते साधारण तीन दिशांना जातात.

पहिले मत गाडीवानाचे. गाडी भरून झाली की तो दांडीचे टोक हाताने उचलून बघतो, खाली सोडतो, पुन्हा उचलतो. जड वाटले तर पुढच्या दोन मोळ्या काढून मागे टाकतो. दांडी अलगद वर येऊ लागली तर उलट करतो. थोडा भार पुढे हवाच, नाहीतर बैलाला गाडीचा अंदाज येत नाही आणि खड्ड्यात जू उडते, असे त्याचे म्हणणे. हे तरफेच्या हिशेबाशी पूर्णपणे जुळते. उणीव एवढीच की हाताचा अंदाज फडातल्या सपाट जागेवर घेतलेला असतो आणि गाडी पुढे ओढ्याच्या उतारावरून जाते.

दुसरे मत पशुवैद्य आणि प्राणिमित्रांचे. ते मानेकडे बघतात. खांदा आला, कातडी सोलली, गाठ धरली की बैल कामातून जातो, आणि हंगाम चालू असताना त्याला विश्रांती द्यायला मजुराला परवडत नाही, कारण उचल फेडायची असते. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-लोण्याने खांदे मळणारा शेतकरी हे दुखणे ओळखत नाही असे कोणी म्हणणार नाही. या गटाचा आग्रह रुंद, गादी लावलेल्या जुवाचा आणि मुळातच कमी मालाचा आहे. भार तेवढाच ठेवून जागा दुप्पट केली तरी कातडी वाचते, हा त्यांचा युक्तिवाद योग्य आहे. पण जू रुंद केल्याने मानेच्या सांध्यांवरचा भार कमी होत नाही, हेही तितकेच खरे.

तिसरे मत अभियंत्यांचे: भार मानेवर घ्यायचाच कशाला? २०२२ साली सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी दोन बैलांच्या मध्ये, दांडीखाली एक लहान फिरते चाक बसवले. ‘सारथी’ या नावाने त्याची छायाचित्रे देशभर फिरली. पुढचा भार त्या चाकातून जमिनीवर जातो आणि बैलांना फक्त ओढायचे राहते. कॅराव्हॅन उभी करताना तिच्या पुढच्या टोकाला जे छोटे चाक खाली सोडतात, त्याच कुळातली ही युक्ती. फरक इतकाच की इथे ते चालत्या गाडीखाली राहते.

कल्पना सरळ आहे आणि डांबरी रस्त्यावर तिच्यात काही चूक दिसत नाही. शंका फडाबद्दल आहेत. ओल्या काळ्या जमिनीत लहान व्यासाचे चाक मोठ्या चाकापेक्षा जास्त रुतते आणि ओढ वाढवते. खड्ड्यावरून जाताना ते क्षणभर अधांतरी राहते, तेव्हा सगळा भार एकदम मानेवर येतो. आणि मानेवरचे ओझे गेले म्हणून टोळीने अर्धा टन जास्त ऊस भरला, तर उतारावर गाडी रोखायची कोणी? टायर आल्यावर झाले ते पाहता ही शेवटची शंका हवेतली नाही. चार चाकांची गाडी हे या दिशेचे टोक. तिच्यात मानेवर भार जवळजवळ येतच नाही, पण ती महाग, वळायला जड आणि बांधावरून न्यायला गैरसोयीची. म्हणून शेतात दोन चाकेच टिकली.

जयपूरची उंटगाडी

राजस्थानची उंटगाडी पाहिली की पहिल्यांदा नजर चाकांवर जाते. जुने, जाड टायर, पुष्कळदा विमानाचे टाकून दिलेले, वर फळ्यांचा सपाट मंच, आणि त्याच्यापुढे चढत गेलेल्या दोन लांब दांड्यांमध्ये एकटा उंट. जुवाला इथे जागा नाही. दांड्या पाठीवरच्या खोगिराला टांगलेल्या असतात, म्हणजे उभा भार वशिंडाच्या आजूबाजूला पडतो. टायर रुंद असल्याने वाळूत गाडी रुतत नाही, आणि मंच बसका असल्याने मालाचा मध्य उसाच्या गाडीइतका वर जात नाही. उतारावरचा झोका त्यामुळे कमी.

तत्त्व म्हणून बघितले तर ही रचना बैलाच्या जुवापेक्षा शहाणी आहे. उंटाची पाठ ओझे वाहण्यासाठीच माणसाने वापरलेली आहे. बैलाची मान तशी नाही. पण एकट्या जनावराला भार वाटून घ्यायला जोडीदार नसतो. खोगीर वाकडे बसले की सारे वजन एका कडेवर येते आणि तिथे जखम होते.

जयपूरमध्ये या जनावरांकडे सातत्याने बघणारी संस्था म्हणजे ‘हेल्प इन सफरिंग’. क्रिस्टल रॉजर्स यांनी १९८० मध्ये ती सुरू केली. बस्सी इथे तिचे उंटांसाठीचे केंद्र आहे. तिच्या पशुवैद्यांसमोर येणाऱ्या तक्रारींत खोगिराच्या जखमा, वेसणीच्या जखमा आणि खरूज या नेहमीच्या. संस्थेचे एक काम इथे मुद्दाम सांगण्याजोगे आहे: रात्री मागून येणाऱ्या ट्रकला गाडी दिसावी म्हणून तिने उंटगाड्यांना परावर्तक लावले. आपल्याकडे गळीत हंगामात उसाच्या गाड्यांना हेच करावे लागते. जोडलेल्या गाडीचा सर्वांत मोठा धोका पुष्कळदा तिच्या पुढच्या टोकाला नसून मागच्या टोकाला असतो, हे भाराची चर्चा करणारे विसरतात.

उंटगाडीवर नवे संशोधन होण्याची आशा मात्र धूसर आहे. राजस्थानातले उंट २०१२ च्या पशुगणनेत ३.२६ लाख होते, ते २०१९ मध्ये २.१३ लाखांवर आले. २०१४ साली उंटाला राज्यप्राण्याचा दर्जा मिळाला, २०१५ साली त्याच्या कत्तलीवर आणि राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध घालणारा कायदा झाला. उंटपालकांच्या मते त्याने बाजारच आटला. बिकानेरला १९८४ पासून उष्ट्र संशोधन केंद्र आहे, पण आता उंटाचे भवितव्य दूध आणि पर्यटनात शोधले जाते, गाडीत नव्हे.

ट्रॅक्टर: भार हवाहवासा

ट्रॅक्टरवाल्याचे गणित उलटे आहे. दोन चाकी ट्रॉलीचा पुढचा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो आणि त्यांना जमिनीत पकड देतो. चार चाकी ट्रॉलीत तो भार मिळत नाही, म्हणून ओल्या रस्त्यावर चाके जागच्या जागी फिरतात. मात्र मागे आलेला भार पुढची चाके उचलतो. एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याच्या चढावर निघालेला ट्रॅक्टर पुढची चाके अधांतरी ठेवून चालताना पश्चिम महाराष्ट्रात कोणीही पाहिला असेल. त्यावर गावठी उपाय म्हणजे बंपरवर दगड, मातीच्या गोण्या, नाहीतर दोन माणसे. सुकाणू ज्या चाकांच्या हातात ती जमिनीवर नसतील तर चालक फक्त बसलेला असतो. हुक जितका उंच, तितका ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका जास्त, हे प्रत्येक कंपनीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते. या बाबतीत वाद नाही; पालन नाही, एवढेच.

मोटारीमागची कॅराव्हॅन

इथे प्रश्नात एक नवी गोष्ट येते, ती वेग. बैलगाडी ताशी चार-पाच किलोमीटरने जाते. तिची शेपटी हलण्याचा प्रश्नच नसतो. मोटारीमागची गाडी ताशी ऐंशीच्या पुढे गेली आणि तिचा मध्य आसाच्या मागे असला, तर ती डावी-उजवी झुलू लागते, झोके वाढत जातात आणि शेवटी मोटारीलाही फिरवतात. बैलाच्या मानेवर थोडा भार हवा तो उलाळ टाळण्यासाठी. मोटारीच्या हुकावर भार हवा तो झुलणे टाळण्यासाठी. कारणे वेगळी असल्यामुळे एकाची टक्केवारी दुसऱ्याला लावता येत नाही. इंटरनेटवरचे दहा टक्के उचलून बैलगाडीला लावले तर दोन टनांच्या गाडीत जुवावर २०० किलो येतील.

कॅराव्हॅनबाबत दोन संप्रदाय आहेत. अमेरिकेत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर असावा असे सांगतात. तिथल्या वाहन अभियंत्यांच्या ‘जे२८०७’ या चाचणी-मानकातही नेहमीच्या ट्रेलरसाठी दहा टक्के धरले आहेत. ब्रिटनमध्ये ५ ते ७ टक्के पुरेसे मानतात, आणि युरोपीय नियम ट्रेलरच्या कमाल वजनाच्या किमान ४ टक्के उभा भार पेलण्याची क्षमता मागतो. १,४०० किलोच्या ब्रिटिश कॅराव्हॅनचा हुकावरचा भार साधारण ८४ किलो. २,५०० किलोच्या अमेरिकी गाडीचा १२ टक्क्यांनी ३००. एवढा फरक का? युरोपातल्या कॅराव्हॅन हलक्या असतात, ओढणाऱ्या मोटारीही लहान, त्यामुळे त्यांचा हुक मोठा भार पेलत नाही. आणि वेगमर्यादा कडक आहेत. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन ओढताना ताशी ६० मैल, जर्मनीत साधारण ८० किलोमीटर, विशेष मान्यता असेल तर १००. अमेरिकेत गाडी जड, मोटार ट्रकसारखी आणि वेग जास्त.

भार पुढे जास्त घ्यावा तर त्याची किंमत मोटार चुकवते. हुक मागच्या आसापासून १.२ मीटर मागे आणि दोन आसांमधले अंतर २.७ मीटर असेल, तर हुकावरच्या १०० किलोंनी पुढच्या चाकांवरचे ४४ किलो कमी होतात आणि मागच्या चाकांवर १४४ वाढतात. ३०० किलो ठेवले तर पुढून १३३ किलो जातात: सुकाणू हलके, ब्रेक दुबळे, दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत. अमेरिकेत यासाठी स्प्रिंगच्या पट्ट्यांचा हुक वापरतात, जो काही भार परत पुढच्या चाकांवर ढकलतो. युरोपात तो फारसा रुजला नाही.

ब्रिटनच्या बाथ विद्यापीठात झालेल्या प्रयोगांनी या वादाला एक उपयोगी वळण दिले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हुकावरच्या भाराबरोबरच सामान कॅराव्हॅनमध्ये कुठे पसरले आहे हेही निर्णायक ठरले. पाण्याची टाकी पुढे आणि सायकली मागे ठेवूनही हुकावर तेवढाच भार दाखवता येतो. पण दोन्ही टोकांना जड असलेली गाडी एकदा वळू लागली की थांबायला वेळ लावते. जड सामान आसावर, हलके टोकांना, ही शिस्त दोन्ही संप्रदायांत सारखीच मानतात.

आपल्याकडे केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने २०१० मध्ये कॅराव्हॅन धोरण आणले आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये स्वतःचे. केंद्राच्या धोरणात ओढायच्या कॅराव्हॅनचे प्रकारही मोजले आहेत, पण रस्त्यावर येतात त्या बहुतेक स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या. ओढायची गाडी घेणारा हौशी माणूस बहुधा परदेशी पुस्तिका वाचतो. त्याने एवढे तरी करावे: आपल्या मोटारीच्या पुस्तिकेत हुकावरचा कमाल उभा भार दिला आहे का ते पाहावे, तो नसेल तर ओढूच नये. असेल तर भरलेली गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या टोकाखाली घरचा वजनकाटा ठेवावा. काटा शंभर-सव्वाशेपर्यंतच असेल तर एक भक्कम फळी घ्यावी, तिचे एक टोक विटेवर आणि दुसरे काट्यावर. गाडीचे टोक फळीच्या मधोमध टेकवले की काटा निम्मे वजन दाखवतो.

कायदा काय मोजतो

जनावरांच्या गाड्यांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आजही आधाराला आहेत. त्यांत ३५० किलोंपेक्षा जड बैल मोठा मानला आहे, आणि अशा एका बैलाच्या दोनचाकी गाडीला हवेचे टायर असल्यास १,३५० किलो, नसल्यास ९०० किलो अशी मर्यादा आहे, जोडीला दुप्पट. उंटगाडीला १,००० किलो. दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही, पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ नाही. किलोमीटरभर तरी दहास एकापेक्षा कडक चढ असेल तर माल निम्मा.

नियम विचारपूर्वक केलेले आहेत, हे वाचताना जाणवते. पाठीवर लादायचे ओझेही त्यांत ठरवलेले आहे: मोठ्या बैलाला १७५ किलो, उंटाला २५०. मात्र गाडीचे वजन सांगणाऱ्या तक्त्यात जुवावर किती यावे याचा रकाना नाही. चढाची दखल आहे, आणि ओढीच्या दृष्टीने ते बरोबर. मानेवरचा भार ज्या उतारावर वाढतो त्याची नाही. एकूण वजन काट्यावर सिद्ध करता येते, म्हणून कायदा ते धरतो. त्याच १,३५० किलोंत एक गाडी मानेला हलकी आणि दुसरी असह्य असू शकते.

काय सुटलेले नाही

बैलाच्या मानेला सलग किती उभा भार चालतो हा पहिला प्रश्न. ओढीची शक्ती मोजणारे पुष्कळ काम झाले आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात पशुशक्तीच्या योग्य वापराची योजना वर्षानुवर्षे चालू आहे. उभ्या दाबाचा आकडा खिलार, देवणी किंवा लाल कंधारी बैलांसाठी वेगवेगळा निघेल, आणि तो निघाल्याशिवाय कोणताही नियम अंदाजावरच राहील. दुसरा प्रश्न ‘सारथी’च्या तिसऱ्या चाकाचा: एका पूर्ण गळीत हंगामात, फडापासून गव्हाणीपर्यंत, ते किती टिकते आणि त्याच्यामुळे माल वाढतो का. तिसरा व्यवहाराचा. बैलगाडीच कमी होत चालली आहे. मराठवाड्यातल्या टोळ्यांकडे लहान ट्रॅक्टरमागच्या ‘अंगद’ गाड्या आल्या आहेत. मग मावळत्या वाहनावर खर्च का करायचा? याला उत्तर असे की ज्या टोळ्यांना ट्रॅक्टर परवडत नाही त्या अजून बैलांवरच आहेत, आणि अंगदच्या हुकावरचा भारही आज कोणी मोजत नाही.

माझे मत विचारले तर, एक छोटी गोष्ट येत्या हंगामातच करता येण्यासारखी आहे. प्रत्येक कारखान्याच्या दारात वजनकाटा आहे आणि उसाची प्रत्येक गाडी त्यावरून जाते. रांगेत बैल सोडलेले असताना दांडी टेकूवर उभी असते. त्या टेकूखाली दोनशे किलोंचा एक साधा काटा ठेवावा आणि उसाच्या वजनाशेजारी पावतीवर हाही आकडा लिहावा. साखर कारखान्यांनी आणि साखर आयुक्तालयाने निदान एका कारखान्यावर हे करून पाहावे.